‘उलटा क्रम’ दोन अर्थांनी आला तर काय करायचं?

टिळकवाडीकर: बेळगावातल्या अभियांत्रिकीच्या मुलांसाठी लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) मराठीत टिपणं लिहितोय. लॉकडेप, म्हणजे लॉक कुठल्या क्रमानं घेतली जातात ते तपासणारी कर्नलमधली सोय, तिच्या अहवालापाशी अडलोय. (लॉक म्हणजे एकाच गोष्टीवर दोघांनी एकदम काम करून घोळ घालू नये म्हणून घ्यायचा ताबा.) फाइलवर लिहिताना कर्नल आधी आयनोडचं (फाइलच्या नोंदीचं) लॉक घेतं. डेटाचं पान मेमरीत नसलं की पेज फॉल्ट होतो, म्हणजे ते पान आणायला कर्नलला थांबावं लागतं, आणि तिथं एमएमॅप लॉक (प्रोग्रॅमच्या मेमरीच्या नकाशाचं लॉक) लागू शकतं. आता फाइलसिस्टिमच्या एमएमॅप हँडलरमध्ये, म्हणजे फाइल मेमरीला जोडून देणाऱ्या फंक्शनमध्ये, कुणी आयनोडचं लॉक मागितलं, तर एमएमॅप लॉक आधीच हातात असतं. क्रम उलटा झाला. दोन्ही वाटा एकाच वेळी चालल्या की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.
आता अडचण. जुन्या अवलंबनांची साखळी, म्हणजे आधी कुठल्या लॉकनंतर कुठलं घेतलं गेलं त्याची यादी, लॉकडेप ‘इन रिव्हर्स ऑर्डर’ छापतो. तीही उलटी, चूकही उलटी! मुलं साखळी वरून खाली वाचतात आणि निर्दोष फंक्शन दुरुस्त करायला घेतात. दोन वेगळे शब्द सुचवा.

निपाणीची अक्का: चुकीच्या क्रमाला ‘उफराटा’ म्हणा. त्यात चूक आपोआप येते. साखळीसाठी ‘शेवटाकडून सुरुवातीकडे’.

खानापूर ७८: अक्का, आमच्याकडे ‘उरफाटा’च म्हणतात. आजी सदरा उरफाटा घातला की ओरडायची. ‘उफराटा’ पुस्तकात वाचला.

निपाणीची अक्का: दोन्ही रूपं कोशात आहेत, भाऊ. र आणि फ यांनी जागा बदलल्या, वर्णविपर्यय. उलटं सांगणारा शब्द स्वतःच उलटला, म्हणून तर मला तो इथं हवा.

मराठी_आग्रही: आधी ‘लॉक’ काढा. कुलूप असताना लॉक कशाला?

खानापूर ७८: कुलूप तरी कुठं आपलं? अरबी ‘कुफ्ल’वरून आलंय.

मराठी_आग्रही: शेकडो वर्षं घराला लागलंय, ते आपलंच. लॉकला तो मान अजून मिळालेला नाही.

चिकोडी_कर्नल: मला दोन्ही पटत नाहीत. कुलपाला किल्ली असते, ती दुसऱ्याच्या हातात देता येते. म्यूटेक्स (लॉकचा एक प्रकार) मात्र ज्यानं घेतला त्यानंच सोडायचा. ‘कडी’ म्हणा, आतून लावलेली. पण मुलं कोड वाचणार तिथं ‘लॉक’च दिसणार, तेव्हा मी तरी लॉकच ठेवीन.
खरा गोंधळ ‘डेडलॉक’चा आहे, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत बसतात त्या कोंडीचा. अहवालात एक तक्ता येतो, दोन सीपीयूंचे दोन रकाने, तळाशी ताऱ्यांमध्ये डेडलॉक. वर मात्र ‘पॉसिबल’ लिहिलेलं असतं. तुम्ही ‘कोंडी झाली’ असं भाषांतर केलंत तर पोरं मशीन अडकलं समजणार. अडकलेलं काहीच नसतं. २००६ साली कर्नलच्या २.६.१८ आवृत्तीत लॉकडेप आला तो याचसाठी: दोन्ही क्रम एकदा वेगवेगळ्या वेळी दिसले तरी बास, प्रत्यक्ष टक्कर व्हावी लागत नाही. म्हणून ‘होऊ शकते’ हे क्रियापद सोडू नका. आणि पहिल्या इशाऱ्यानंतर तो तपासणी बंद करतो, तेव्हा पुढची चूक बघायला दुरुस्ती करून पुन्हा बूट करावं लागतं. हेही टिपणात घाला.

टिळकवाडीकर: घालतो. ‘उफराटा’ही घेतो. पण फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधला विटनेस, म्हणजे तिथला लॉकडेपसारखा तपासनीस, याच चुकीला ‘लॉक ऑर्डर रिव्हर्सल’ म्हणतो. तिथं रिव्हर्स म्हणजे चूक, लिनक्सच्या साखळीत रिव्हर्स म्हणजे नुसता छापण्याचा क्रम. दोन्ही वाचणाऱ्या मुलाला काय सांगू?

धारवाडची सून: किल्लीवरून सांगते. माझ्या सासरच्या कन्नडात ‘कीली’ म्हणजे कुलूप! ‘कीली हाकु’ म्हणजे कुलूप लाव. मी माहेरची मराठी, लग्नानंतर सासूबाईंनी कीली मागितली की मी किल्ली नेऊन द्यायची.

मराठी_आग्रही: दोन्हींचं मूळ संस्कृत ‘कील’, म्हणजे मेख. आपली ‘खीळ’ही तीच.

खानापूर ७८: मग ‘खीळ’च घ्या की लॉकला! ‘खीळ बसली’ म्हणतोच आपण.

चिकोडी_कर्नल: नको. खीळ बसली म्हणजे काम थांबलं. लॉक नीट घेतलं तर काम चालू राहतं.

धारवाडची सून: गोकाककडे कीलीला काय म्हणतात, कुणाला ठाऊक आहे का? तिथल्या जावेशी माझा यावरून वाद आहे.