कन्सील्ड कॅरीचे परवाने: आकडा फी ठरवते की अधिकाऱ्याची मर्जी?

दगडफूल
अमेरिकेत कपड्यांआड पिस्तूल बाळगायचा परवाना किती लोक काढतात, ते पैसे, तास आणि खेटे या तीन गोष्टींवर ठरतं असं माझं मत आहे. पेनसिल्व्हेनियात शेरीफच्या (काउंटीच्या पोलिस अधिकाऱ्याच्या) ऑफिसात 20 डॉलर भरा, प्रशिक्षणाची सक्ती नाही, 45 दिवसांत निकाल, पाच वर्षांची निश्चिंती. इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड (बंदूक बाळगायचं राज्याचं ओळखपत्र), मग 16 तासांचा वर्ग, मग 150 डॉलर. वर्गाच्या शेवटी 30 गोळ्या झाडायच्या: 5, 7 आणि 10 यार्डांवरून दहा-दहा. त्यातल्या 21 लागल्या की पास. नेमबाजीत कुणी फारसं अडकत नाही, 10 यार्ड म्हणजे क्रिकेटची अर्धी खेळपट्टीसुद्धा नाही. अडवतात ते 16 तास. तासावर पगार घेणाऱ्याचे दोन अख्खे दिवस बुडतात, वर्गाचे पैसे वेगळे. बोटांचे ठसे ऐच्छिक आहेत, पण दिले नाहीत तर पोलिसांना 90 ऐवजी 120 दिवसांची मुदत मिळते. लोक ठशांचा खर्च वाचवतात आणि मग चार महिने पोलिसांच्या नावाने बोटं मोडत बसतात.

उलट टेक्सस. सप्टेंबर 2017 मध्ये फी 140 वरून 40 डॉलरवर आली, वर्गातला भाग ऑनलाइन करायची सोय झाली, नेमबाजीच्या रेंजवर जायचं ते फक्त तास-दोन तास. चालू परवाने तेव्हा 12 लाखांच्या आसपास होते, 2020 संपताना 16 लाखांपुढे गेले.

सांजवारा
@दगडफूल, न्यू जर्सी कुठे बसवणार मग? जून 2022 पर्यंत तिथे 'सबळ गरज' सिद्ध करावी लागायची. तुमच्याच जिवाला ठोस धोका आहे हे आधी पोलिसप्रमुखाला पटायला हवं, नंतर न्यायाधीशाला. सामान्य माणूस त्या वाटेला जातच नव्हता. 23 जून 2022 ला सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची अशीच अट रद्द केली आणि तिच्यासोबत बाकीच्या राज्यांतल्याही गेल्या. न्यू जर्सीने डिसेंबरात सूड उगवल्यासारखा कायदा केला: फी 50 वरून 200 डॉलर, ओळख देणारे तीनऐवजी चार जण, आणि परवाना आधीसारखा दोनच वर्षांचा. तरी अर्जांचा पूर. फी चौपट होऊनही अर्ज वाढतात, तेव्हा फीचा सिद्धांत गुंडाळून ठेवावा.

मेरीलँडही तसंच. 16 तासांचा वर्ग आहे तसाच राहिला. 5 जुलैला गव्हर्नर होगन यांनी 'सबळ कारण' मागू नका असं पोलिसांना सांगितलं आणि अर्ज कित्येक पटींनी वाढले. उत्तर 'नाही'च येणार हे ठाऊक असेल तर 20 डॉलरही पाण्यात.

दगडफूल
बांध फुटल्यावर पूर येणारच हो. कित्येक वर्षांचे खोळंबलेले अर्ज एकदम आले. दार बंद की उघडं हे मर्जीवर ठरतं, मान्य. पण दार उघडल्यावर आत कोण जातो ते फी ठरवते. 200 डॉलर दर दोन वर्षांनी. नूतनीकरणाला किती जण टिकतात ते बघा, मग बोलू. ब्रुएनच्या निकालातही तळटीपेत कोर्टाने म्हटलंय की अवाच्या सवा फी किंवा लांबलचक प्रतीक्षा असेल तर त्यालाही आव्हान देता येईल. उगाच नाही म्हटलेलं.

गणिती
दोघेही चुकीचं मोजताय. टेक्ससची वाढ दाखवताना 2020 धरलंत, त्या वर्षी देशभर बंदुकांची विक्री उच्चांकी होती. ते श्रेय फी-कपातीला देऊ नका.

दुसरं, चालू परवाने म्हणजे साठा, नवे अर्ज म्हणजे आवक. टेक्ससचा पहिला परवाना चार वर्षांचा, पुढचा पाच वर्षांचा. 1 सप्टेंबर 2021 पासून तिथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. नवे अर्ज लगेच घसरले, साठा मात्र सावकाश ओसरतो. साठ्यावरून कायद्याचा परिणाम जोखलात तर उत्तर काही वर्षं उशिराचं मिळेल.

तिसरं, भागाकार. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दर हजार प्रौढांमागे परवाने काढाल तर त्या हजारात आपले एच-वन-बीवाले, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे, तेही येतात. शिकारीचं वैध लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर त्यांना फेडरल कायद्याने बंदूकच बाळगता येत नाही, परवाना दूरची गोष्ट. ग्रीन कार्डवाल्यांना ती आडकाठी नाही.

आणि व्हरमाँट! तिथे परवाना हा प्रकारच नाही. आकडा शून्य, बाळगणारे भरपूर.

फिरस्ता
@गणिती, 2024 अखेर 29 राज्यांत परवान्याची गरज उरलेली नव्हती, तरी लोक काढतात. फ्लोरिडात ही गरज जुलै 2023 मध्ये संपली, तरी त्यानंतरही वीस लाखांहून जास्त परवाने चालू आहेत. मुख्य कारण प्रवास, दुसरं राज्य तुमचं कार्ड मानतं, तुमच्या राज्याचा कायदा मानत नाही. म्हणून तर व्हरमाँटचे लोक परराज्याचा अनिवासी परवाना काढतात.

दुसरं कारण शाळा. फेडरल कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून 1000 फुटांत भरलेली बंदूक नेता येत नाही, परवानाधारकाला मात्र सूट आहे. यात मेख अशी की परवाना ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला हवा, असा एटीएफचा (बंदुकांचे कायदे बघणाऱ्या फेडरल खात्याचा) अर्थ आहे. परस्पर मान्यतेचं कार्ड इथे चालत नाही. शहरात 1000 फूट टाळून गाडी चालवून दाखवा!

सांजवारा
म्हणजे जिथे परवाना ऐच्छिक, तिथे तो सोयीचा पास झाला. टेक्ससमध्ये तो दाखवला की नवी बंदूक घेताना दुकानदाराला एफबीआयकडे चौकशी करावी लागत नाही, फॉर्म 4473, म्हणजे खरेदीचा फेडरल अर्ज, मात्र भरावाच लागतो. फ्लोरिडात चौकशी सुटत नाही, फक्त तीन दिवसांची वाट बघणं सुटतं. ही गिऱ्हाइकं फीचा हिशेब करतील, हे @दगडफूल यांना देऊन टाकतो. न्यू जर्सीवर मात्र मी ठाम आहे.