डॉकटेस्टला मराठीत काय म्हणावं: चाचणी की ताळा?

विचारणा: बाणेरला एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिते. पुस्तिकेतली कोडची उदाहरणं आपोआप चालवून, खाली छापलेलं उत्तर खरंच येतं का हे बघणं म्हणजे डॉकटेस्ट. मराठी टिपणात मी ‘दस्तऐवज चाचणी’ लिहिलं, पण वाचणाऱ्यांना खरेदीखतच आठवलं. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: आहे, आणि शाळेतलाच आहे. ताळा! वजाबाकी झाली की उत्तरात वजा केलेली संख्या मिळवायची. वरची संख्या परत आली की ताळा जुळला. मी कॉलेजात गणित आणि पायथन ही संगणकभाषा दोन्ही शिकवते, म्हणून हे साम्य मला फार जवळचं वाटतं. पायथनमध्ये ही सोय २००१ च्या २.१ आवृत्तीपासून आहे. तीन कोनी खुणांपुढची (>>>) ओळ चालते आणि तिच्याखालचा मजकूर अक्षरशः तसाच यावा लागतो. शिवाय मराठीत ‘उदाहरण’ म्हणजे दाखला आणि सोडवायचं गणितही. बालभारतीच्या पुस्तकात सोडवून दाखवलेलं उदाहरण चुकलं, तर पोरं चुकीची रीतच शिकतात. म्हणून ‘उदाहरणांचा ताळा’ म्हणा.

विचारणारी: आवडला. पण शब्दांचा संच छापला तर क्रम दर वेळी बदलतो. उत्तर बरोबर, तरी ताळा जुळत नाही.

प्रतिसाद: तिथे क्रम लावून छापायचं. ताळ्याची मर्यादा उलट बाजूनेही आहे. अंकांच्या बेरजेचा, नऊचा ताळा घेताना उत्तरात २७ च्या जागी ७२ लिहिलं तरी तो जुळतोच, कारण फरक ४५, नऊच्या पटीत. तसंच इथे: पुस्तिका आणि कोड एकमेकांशी जुळले एवढंच कळतं, दोघंही सारखेच चुकलेले असू शकतात. त्यासाठी ‘चाचणी’ वेगळी हवी, म्हणून शब्दही वेगळे ठेवावेत.

आणखी एक प्रतिसाद: मग रस्ट या दुसऱ्या संगणकभाषेत? तिथे खाली उत्तर छापलेलं नसतं. उदाहरण कंपाइल होऊन (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात येऊन) न कोसळता चाललं की पास. त्याला ताळा म्हणणं मला पटत नाही. गो या भाषेत मात्र उदाहरणाच्या शेवटी अपेक्षित आउटपुटची टीप असेल तरच ते चालवतात, नाहीतर नुसतं कंपाइल करतात. टीप असलेल्यांचाच ताळा.

विचारणारी: मान्य. रस्टसाठी ‘उदाहरण चालवून पाहिलं’ एवढंच लिहीन. आमची पुस्तिका पायथनची आहे. मागच्या महिन्यात एका फंक्शनचं नाव बदललं आणि जुन्या नावाची उदाहरणं तशीच छापली गेली, ग्राहकांनी कळवेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता. आज टिपणात पहिली ओळ लिहिली: ‘प्रत्येक बदलानंतर उदाहरणांचा ताळा करून पाहावा.’ कोणी अर्थ विचारला नाही.