मदत हवी आहे: डर्बीत सापडलेला व्हिक्टोरियन अल्बम आणि त्यातला ‘पूना’चा एच.

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं डर्बीत राहते. मागच्या महिन्यात इथल्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ विकतात, आपल्या जुन्या बाजाराचा मावसभाऊच) १२ पौंडांना एक फोटो अल्बम घेतला. तपकिरी चामड्याचं जाडजूड बाड, पितळी कडी. पुठ्ठ्याच्या पानांना खिडक्या कापलेल्या आणि फोटो खालच्या फटीतून आत सरकवायचा. ३७ फोटो आहेत, ५ खिडक्या रिकाम्या. आडनाव मात्र कुठेही नाही. विकणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, कुणाचं तरी घर रिकामं करताना आला, कुणाचं ते विचारू नकोस.

मग इथे का विचारते? कारण शेवटून तिसऱ्या पानावर पांढरा सूट घातलेला एक तरुण उभा आहे, हातात सोला हॅट, आणि पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ‘पूना’ छापलंय. स्टुडिओचं नाव खरवडून गेलंय, नुसतं ‘अँड कंपनी’ उरलंय. मागे पेन्सिलीने लिहिलंय: ‘मम्माला, एच.’

मी इतिहासाची नाही, पगारपत्रकं करते. तेव्हा आतापर्यंत जे जुळवलंय ते सांगते, चुकत असेन तर कान धरा.

आधी मला वाटलं होतं की अल्बम क्रमाने लावलाय. अजिबात नाही. मध्ये कुणीतरी सगळे फोटो काढून पुन्हा कसेही खोचलेत. म्हणून क्रम फोटोंच्या पुठ्ठ्यांवरून लावावा लागला. छोटे फोटो म्हणजे कार्ट द व्हिजिट, साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेले. डिस्डेरी नावाच्या फ्रेंच माणसाने १८५४ साली पेटंट घेतलं, आणि १८६० साली मेयॉल नावाच्या फोटोग्राफरने राणीच्या कुटुंबाचे असे फोटो विकायला काढल्यावर इंग्लंडात नुसता धुमाकूळ झाला. मोठे ते कॅबिनेट कार्ड, १८६६पासूनचे. जुने पुठ्ठे पातळ आणि कोपरे टोकदार, नंतरचे गोल कोपऱ्यांचे, आणि शेवटचे जाड, गडद रंगाचे, कडेला सोनेरी मुलामा. एकेक पुठ्ठा बोटांत धरून जाडी चाचपायची, बस.

त्यातल्या ११ फोटोंमागे ‘डब्ल्यू. डब्ल्यू. विंटर, मिडलंड रोड, डर्बी’ असा छाप आहे. स्टेशनजवळची ही इमारत १८६७ची, म्हणजे हे फोटो बहुधा त्यानंतरचे. त्यातला एक माझा सगळ्यात लाडका. आई बसलेली, घागरा पुढून सपाट आणि सगळा घेर मागे ढकललेला (म्हणजे १८६७-६९च्या आसपासचा), आणि शेजारी खुर्चीला टेकून तीनेक वर्षांचं मूल, फ्रॉकमध्ये. मी आठवडाभर तिला मुलगी समजत होते. तेव्हा मुलग्यांनाही चार-पाच वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकच घालत, हे नंतर कळलं. ओळख भांगावरून पटवायची: मुलींचा बहुधा मधोमध, मुलग्यांचा बाजूला. याचा बाजूला आहे. भिंग लावलं तर त्याच्या बुटांमागे एका लोखंडी स्टँडचा पायही दिसतो, पोराचं डोकं हलू नये म्हणून मागून आधार दिलेला. फोटोमागे नाव नाही, नुसतं ‘बेबी’.

आता गोंधळ. एक टिनटाइप आहे, लोखंडी पत्र्यावर काढलेला फोटो. मागे समुद्राचा रंगवलेला पडदा, पुढे आठ-नऊ वर्षांचा मुलगा. चेहरा बेबीसारखाच, पण भांग दुसऱ्या बाजूला. मी जाहीर करून टाकलं की जुळे भाऊ आहेत. सासूबाई सध्या नाशिकहून आल्यात. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, याची गुंडी बायकांच्या बाजूला कशी?” खरंच, कोटाची उजवी बाजू डावीवर आलेली होती. टिनटाइपमध्ये निगेटिव्ह नसते, पत्र्यावर थेट चित्र उमटतं आणि ते आरशासारखं उलटं दिसतं. मी मोबाइलमध्ये फोटो उलटवला, भांग जागेवर आला आणि जुळा भाऊ नाहीसा झाला.

सासूबाईंनी आणखी एक पकडलं. धाकट्या मुलीच्या फ्रॉकला खाली तीन आडव्या टिपा (कापड दुमडून शिवलेल्या घड्या) आहेत. पुढच्या फोटोत तोच कपडा आहे, टिपा दोनच, आणि उसवलेल्या जागी गडद रेघ राहिलीय. पोर उंच होईल तसं उसवत जायचं, आमच्या परकरांचंही हेच व्हायचं, म्हणाल्या. म्हणजे घर खाऊनपिऊन बरं असलं तरी उधळं नसावं.

वडिलांचा एकच फोटो आहे, आणि तो विचित्र आहे. पुठ्ठा १८७०च्या दशकातला, कोपरे गोल, पण अंगावरचे कपडे १८६०च्या सुमाराचे, ढगळ बाह्या आणि रुंद बो. चित्रही पुसट, सपाट. मला वाटतं हा फोटोचा फोटो आहे. माणूस गेल्यावर जुन्या फोटोच्या प्रती काढून नातेवाइकांना देत असत. याला दुजोरा म्हणजे आईचा पुढचा फोटो: निमुळता काळा झगा, त्यावर क्रेपचे (सुतकातल्या काळ्या कापडाचे) पट्टे, डोक्यावर विधवेची पांढरी टोपी. झग्याच्या कापावरून १८७८ ते ८२. मुलगा तेव्हा पंधराच्या आसपास असणार.

१८८१ची जनगणना (३ एप्रिलची रात्र) फुकट शोधता येते. डर्बीतली विधवा घरप्रमुख आणि ‘एच’वरून नाव असलेला १४ ते १७ वर्षांचा मुलगा, असं शोधलं तर २५-३० घरं निघतात. हेन्री, हर्बर्ट, होरेस, एचवरून नावांना काय तोटा! आडनावाशिवाय पुढे जाता येत नाही.

पूनाचा तरुण म्हणजेच हा मुलगा, असं मी धरून चाललेय. पुठ्ठा जाड, गडद हिरवा, सोनेरी कडेचा, म्हणजे १८९०च्या आगेमागे. वय पंचविशीचं, ते जुळतं. आणि कान. कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, बेबीचीही तशीच. दाढी-मिशा बदलतात, कान बदलत नाही. डर्बी म्हणजे मिडलंड रेल्वेचं मुख्यालय, आणि आपली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इंजिनियर, ड्रायव्हर, फोरमन इंग्लंडातून आणायची. म्हणून तो रेल्वेतच असेल, हा माझा निव्वळ कयास. गणवेश नाही, बिल्ला नाही. नवरा म्हणतो, चहाचा व्यापारीही असेल. असो.

तर विचारायचंय ते असं. पुणे कॅम्पातल्या तेव्हाच्या फोटो स्टुडिओंची यादी कुठे मिळेल? १८८५चं पुण्याचं गॅझेटियर चाळलं, त्यात हे काही सापडलं नाही, जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या कुणी पाहिल्यात का? कुणाच्या घरी त्या काळातला, गडद हिरव्या पुठ्ठ्याचा, पुण्यात काढलेला आजोबा-पणजोबांचा फोटो असेल तर मागचा छाप बघाल का? फोटोत डाव्या हाताला वेताची खुर्ची आणि मागे कमानीचा पडदा आहे, कमानीखालच्या पायऱ्या रंगवताना एक पायरी वाकडी झालीय. तीच वाकडी पायरी दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसली तर स्टुडिओ सापडला!

आणि एक सूचना, माझ्या मूर्खपणातून आलेली. फोटो खिडकीतून ओढून काढू नका. मी पहिलाच काढताना पानाची कड टर्रकन फाडली. पातळ प्लॅस्टिकची पट्टी आत सरकवून फोटो तिच्यावर घसरवत आणायचा.

भर (पहिल्या प्रतिसादांनंतर):

सगळ्यांचे आभार. पुण्यातल्या सेंट मेरीज चर्चच्या आणि खडकीच्या चर्चच्या नोंदींबद्दल ज्यांनी लिहिलं त्यांचे विशेष. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती लंडनला जात आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत, हे आता कळलं. पण आडनाव नसताना तिथे तरी काय शोधणार, असं म्हणत होते, तेवढ्यात एकांनी विचारलं, “रिकाम्या खिडक्यांखाली काही लिहिलंय का?”

मी बघितलंच नव्हतं. फोटो नाही तर काय बघायचं! काल रात्री दिवे घालवून टॉर्च आडवा धरला. चार खिडक्यांखाली काही नाही. पाचवी, पूनाच्या फोटोच्या पाठोपाठची, मोठ्या मापाची, तिच्याखाली पेन्सिल खोडलीय पण दाब उरलाय: ‘एच. आणि एम., बॉम्बे’. पुढे साल आहे, पण पहिले तीनच आकडे लागतात: १८९.

म्हणजे लग्न मुंबईत झालं असावं. आणि लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्या वडिलांची नावं असतात. आता मला मुंबईतली १८९० ते ९९मधली अशी लग्नं हवीत जिथे नवरा एच., नवरी एम. आणि वराचे वडील हयात नाहीत. निघालेली वरांची आडनावं १८८१च्या त्या २५-३० घरांशी ताडून बघेन. एन/३ची सूची कुणी आधी वापरली असेल तर फक्त आद्याक्षरावरून शोधता येतं का, की पानं एकेक उलटावी लागतात, एवढं सांगा. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून लंडनला जाणार आहे. सासूबाई म्हणतात, त्याही येणार.