मदत हवी आहे: रायच्या परागकणांच्या गोळ्या बाबांना चालतील का?

वैतागलेला_पुणेकर: लोकहो, घाईत लिहितोय. मेहुणा स्वीडनहून आलाय, त्याने बाबांसाठी रायच्या गोळ्या आणल्यात. राय म्हणजे ते गव्हासारखं धान्य, युरोपात ज्याचा काळा पाव करतात ते, त्याच्या परागकणांचा अर्क आहे म्हणे. तिकडे म्हातारे लोक घेतात असं तो म्हणतो आणि बाबा हट्टाला पेटलेत. चालतील का आणि फरक कधी पडतो? ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

खमंग_काकू: अहो पण कशासाठी? गुडघे, साखर, पोट?

वैतागलेला_पुणेकर: प्रोस्टेट, अजून काय. रात्रभर उठतात, आईची पण झोप नाही.

माल्मोकर: सर्निल्टन असणार, इकडचंच जुनं औषध. मुख्यतः राय, थोडे टिमथी गवताचे आणि मक्याचे पराग. माझे सासरे घेतात, एकदम बरे आहेत. बिनधास्त द्या.

औषधवाला: बिनधास्त कसं काय? ह्यावर ४ चाचण्यांचा एकत्र आढावा झालाय, मिळून ४४४ पुरुष, १२ ते २४ आठवडे. रात्रीचं उठणं थोडं कमी होतं असं दिसलं, पण लघवीची धार सुधारली नाही आणि वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लहान झाली नाही. म्हणजे त्रास थोडा कमी वाटेल, मूळ दुखणं तिथेच. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) झालंय का? परागांची अ‍ॅलर्जी? आत्ता कुठली गोळी चालू आहे?

हिरवा_वैद्य: परदेशी पराग कशाला हवेत, गोखरूचा काढा द्या, वर वरुणाची साल. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

खमंग_काकू: त्यापेक्षा रायचा पावच द्या ना, मुलीकडे फिनलंडला रोज खायचे, पोट इतकं साफ!

औषधवाला: काकू, ते खरंय, रायच्या कोंड्याने बद्धकोष्ठ सुटतं, रायचे तंतू पोटाचं काम नीट ठेवतात असं युरोपात पाकिटावर छापायला परवानगीही आहे. पण प्रश्न पोटाचा नाहीये. आणि सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार असेल तर राय गव्हाइतकीच वर्ज्य.

साबुदाणा_गोळी: होमिओपॅथीत सिकेल कॉर आहे, तेही रायचंच. ३० पोटेन्सी.

औषधवाला: ते रायचं नाही हो, रायच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट बुरशीचं आहे. तीच बुरशी पावात जाऊन मध्ययुगात युरोपात माणसांचे हातपाय काळे पडून झडायचे, कारण रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्याच गुणामुळे तिच्यापासून बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायचं औषध निघालं, अर्धशिशीचंही. प्रोस्टेटशी काय संबंध?

साबुदाणा_गोळी: तुम्हाला होमिओपॅथीचा राग आहे, तो वेगळा विषय.

नगरी_शेतकरी: अरगट आमच्या बाजरीवर पण येतो, कणसातून मधासारखा चिकट रस गळतो. बियाणं मिठाच्या पाण्यात धुतल्याशिवाय आम्ही पेरत नाही.

वैतागलेला_पुणेकर: अहो बाजरी कुठून आली मध्येच! पीएसए केलं नाहीये. अ‍ॅलर्जी माहीत नाही, सर्दी बारमाही असते. युरिमॅक्स ही प्रोस्टेटची गोळी चालू होती, ती बाबांनी परवा बंद केली, मेहुणा म्हणाला आता ह्या सुरू करायच्यात म्हणून.

औषधवाला: हे आधी सांगायचं ना!! ती गोळी परस्पर बंद करायची नाही, लघवी तुंबली तर मध्यरात्री नळी घालायला धावावं लागेल. आजच डॉक्टरांना फोन करा आणि ती परत कशी सुरू करायची विचारा, थेट देऊ नका, खंड पडल्यावर पहिल्या डोसाला बीपी खाली येऊन चक्कर येते. पराग त्याच्या जोडीने घ्यायचे की नाही हे पीएसए बघून ठरेल. बारमाही सर्दी आहे तर अ‍ॅलर्जीचं पण सांगा. आणि लघवी अडकली, ताप आला, रक्त दिसलं तर वाट बघत बसू नका.

माल्मोकर: सासऱ्यांची पण दुसरी गोळी चालूच आहे, ते लिहायचं राहिलं.

हिरवा_वैद्य: काढ्याने चक्कर येत नाही.

वैतागलेला_पुणेकर: फोन लावतोय. मेहुण्याला हा धागा पाठवलाय.

खमंग_काकू: पुण्यात रायचं पीठ कुठे मिळेल कोणी सांगेल का?

कोवळी_पालवी: शेतकरीदादा, मीठ किती घ्यायचं?

नगरी_शेतकरी: १० लिटर पाण्याला २ किलो. वर तरंगेल ते काढून जाळायचं, तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं आणि सावलीत वाळवायचं.