आयला! बाटली उघडली आणि घरभर दवाखान्याचा वास

चकणेश्वर
मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. मी साधा माणूस, गेली पंधरा वर्षं ब्लॅक लेबल, सोडा, बर्फ आणि समोर शेंगदाणे, यापलीकडे कधी गेलो नाही. दिवाळीत साडू लंडनहून आला, त्याने लफ्रॉइग नावाची स्कॉच व्हिस्की आणली, १० वर्षंवाली, वर म्हणाला की आता सोडा बंद, हे प्यायला शिक. परवा शनिवारी बूच काढलं तर स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "कोणाला लागलंय का? डेटॉल कशाला काढलंय?" शपथ सांगतो, मीही तेच म्हणणार होतो. घोट घेतला तर जळका काथ्या समुद्राच्या पाण्यात बुडवून चोखल्यासारखं वाटलं. मग सवयीने सोडा ओतला तर अजूनच बेकार.

बाटली खराब आहे का डुप्लिकेट? आणि हे असंच असतं तर लोक पैसे देऊन का पितात? पुढच्या महिन्यात मेव्हणा दुबईहून येतोय, ड्यूटी-फ्रीतून दोन लिटर आणता येतात, तर त्याला काय सांगू तेही सुचवा.

उगाचच
नक्की खराब आहे. माझ्याकडे पाठवा, शास्त्रोक्त विसर्जन करतो.

धुरंधर
बाटली ठणठणीत आहे, तिचा वास तसाच असतो. ती स्कॉटलंडच्या ज्या बेटावरची आहे त्याचा उच्चार स्पेलिंगवरून इस्ले वाटतो पण तो आहे आयला. म्हणजे पहिल्या घोटाला तुमच्या तोंडून जे निघालं असेल तेच बेटाचं नाव.

तिथे झाडं कमी, त्यामुळे पूर्वापार जळण म्हणजे पीट, दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेला शेवाळ-गवताचा थर, तो विटांसारखा कापून वाळवतात. बार्ली भिजवून मोड आणले की ते वाळवून थांबवावे लागतात, त्या वेळी खाली पीट धुमसत ठेवला की धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात आणि भट्टीतून, पिंपातून, दहा वर्षांनी तुमच्या ग्लासात येऊन बसतात. जुन्या दवाखान्यातलं कार्बोलिक म्हणजे फिनॉलच, आणि डेटॉलमधलं औषधही त्याच कुळातलं. वहिनींचं नाक एक नंबर आहे, पुढच्या वेळी पहिला वास त्यांनाच द्या. लफ्रॉइगच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, फिनॉल ४०-४५ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), आयलाच्याच आर्डबेगच्या माल्टमध्ये ५५च्या आसपास, पण हे आकडे दाण्याचे, बाटलीत येईपर्यंत बरंच कमी होतं.

आणि ब्लॅक लेबलमधला तो बारीक धूर कुठून येतो वाटलं? त्यात आयलाचीच कूल ईला नावाची व्हिस्की मिसळलेली असते. पंधरा वर्षं तुम्ही फोडणीतला हिंग खाताय, साडूने डबी उघडून चमचाभर तोंडात घातला एवढंच.

आता प्यायची कशी. ३० एमएल घ्या, बर्फ नको, सोडा तर नकोच, आणि दहा मिनिटं हात लावू नका. ग्लास बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता असला तर बरं. नाक एकदम आत खुपसायचं नाही, ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणायचा आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. एक छोटा घोट जिभेवर घोळवा, मग चहाच्या चमच्याने थोडं साधं पाणी घाला आणि परत वास घ्या. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघांनी २०१७ मध्ये कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं होतं की धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे चमचाभर पाणी हा काही बायकी प्रकार नाही (हे आमच्या ग्रुपमधल्या एका मर्दासाठी).

मला स्वतःला तिसऱ्या खेपेला त्या धुराखाली हुरडा सापडला. आगटीतून काढून हातावर चोळतो ना, तेव्हाचा तो गोवरीचा धूर आणि आतला गोड कोवळा दाणा, तेच. खोक्यावर हेदर (तिकडचं एक रानफूल) आणि ख्रिसमस केक लिहिलेलं असतं, ते मी कधी हुंगलेलंच नाही तर मला सापडणार कुठून.

कंदीपेढा
धुरंधर नेहमीप्रमाणे धुरातच अडकले. प्रश्न मेव्हण्याला काय सांगू हा पण होता. आणि 'बायकी' शब्दाची नोंद घेतलेली आहे, मी ५८ टक्के अल्कोहोलवाली सुद्धा पाणी घालून पिते आणि तुमच्या मर्दापेक्षा जास्त वास ओळखते.

चकणेश्वर, एकमेकींसारख्या दोन घेऊ नका. एक ग्लेनड्रोनॅक १२ सांगा, शेरी नावाच्या स्पॅनिश वाईनच्या पिंपातली, ४३ टक्के, धूर नाही, काळ्या मनुका, खजूर आणि मागून सुंठ. दुसरी टॅलिस्कर १०, स्काय बेटावरची, ४५.८ टक्के, धूर आहे पण मिरीच्या तिखटपणासोबत, म्हणजे ब्लॅक लेबल आणि लफ्रॉइगच्या मधलं स्टेशन. आयलाशीच कट्टी नको असेल तर बुनाहाव्हेन १२ पण आहे, बेट तेच आणि पीट जवळजवळ नाहीच.

रंगाला भुलू नका, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. वय म्हणजे बाटलीतल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं वय, चांगुलपणाचा दाखला नाही. मी एकदा निव्वळ २१ आकडा बघून बोनस उडवला आणि निघालं नुसतं लाकूड, मसाल्याचा रिकामा डबा चाटल्यासारखं, अजून अर्धी पडलीय. तेव्हापासून आधी बारमध्ये एक पेग, मगच बाटली.

मांडवीकाठ
दुबईपर्यंत कशाला जाताय, आमच्या गोव्यात कुंकळ्ळीला या की. तिथे बनणाऱ्या पॉल जॉन व्हिस्कीच्या दोन बाटल्या शेजारी ठेवा, ब्रिलियन्स आणि बोल्ड. दोन्ही ४६ टक्के, एकीत पीट नाही, दुसरीत आयलाहून आणलेला पीट. पीटने नेमकं काय होतं ते एका संध्याकाळी कळतं, पुस्तक वाचायला नको. आणि वय लिहिलेलं नाही म्हणून नाक मुरडू नका, स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जाते, आमच्या उकाड्यात आठेक टक्के. बारा वर्षं ठेवली तर पिणाऱ्याला काय पिंप देणार?

(आणि ज्याने लहानपणी काजूच्या भट्टीशेजारी श्वास घेतलाय त्याला लफ्रॉइग काय घाबरवणार.)

उगाचच
कुरियरचं काय ठरलं?

चकणेश्वर
रद्द. काल सांगितल्यासारखं केलं, बर्फ नाही, दहा मिनिटं, दोन चमचे पाणी. डेटॉल आहेच, पण मागून काहीतरी गोडसर खारट आलं, हुरडा काही मला सापडला नाही. गंमत सकाळी झाली. ग्लास तसाच ओट्यावर राहिला होता, बायकोने घासायला घेतला आणि हुंगून थांबली. म्हणाली, "हा तर आजीच्या न्हाणीघरातल्या बंबाचा वास." मी हुंगला, खरंच तसाच, ओली लाकडं आणि राख. तो ग्लास दुपारपर्यंत घासला नव्हता.

मेव्हण्याला टॅलिस्कर आणि ग्लेनड्रोनॅक कळवलंय, तो म्हणाला नाव लिहून पाठव, फोनवर बोलू नकोस. आता शेवटचं, ही उरलेली बाटली वाईनसारखी आडवी ठेवायची का?

कंदीपेढा
उभी. आडवी ठेवलीत तर अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून लांब ठेवा, आणि निम्म्याखाली गेली की वर्ष वर्ष ठेवू नका, धूर विरतो.