जुनी छर्‍याची बंदूक घेतलीय, कशी सुधारू? (बजेट २०००)

देवगड_कातळ: चिपळुणात १५०० ला मिळाली. .१७७ बोअरची, नळी मधोमध वाकवून छर्रा भरायची. दस्ता लष्करातल्या जुन्या ३०३ रायफलच्या घाटाचा, पट्ट्याच्या कड्यांसकट. मालकाने पडवीत टांगलेली, खार्‍या वार्‍याने नळी तांबडी झालीय. दहा पावलांवरच्या डब्याला छर्रा लागून नुसता खाली पडतो. जड स्प्रिंग घालून ताकद वाढेल का? दोन हजारांवर एक रुपया नाही. अंगणात डबे पाडायचेत, बस.

घाटावरचा: भंगारात पैसे घालू नका. मी सरळ पीसीपी घेतली (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), पंप आणि दुर्बीण धरून तीस हजार गेले. पश्चात्ताप नाही.

देवगड_कातळ: दोन हजार म्हटलंय दादा.

माजी_फौजी: ३०३ च्या लाकडाला आम्ही जवसाचं तेल चोळायचो. जुनं पॉलिश खरवडा, तळहाताने तेल जिरवा, दुसर्‍या दिवशी पुन्हा. चार दिवसांत रंग बघा.

बाब्या_वेंगुर्ला: खोबरेल लावा. घराघरात आसता.

माजी_फौजी: खोबरेल खवट होतं आणि थंडीत थिजतं. लाकडालाही नको, लोखंडालाही नको.

बाब्या_वेंगुर्ला: माझ्या काकान तीस वर्सां लावलान. आणि वानराक मारूक घेतलास तर आधीच सांगतंय, वनखात्याचे येतले.

देवगड_कातळ: डबे म्हटलं ना!

रत्नागिरी_पाखाडी: स्प्रिंगला हात लावू नका. मी घरी मागचा खिळा काढला, तर दाबून बसलेली स्प्रिंग टोपीसकट उडून पंख्याच्या पात्याला लागली. पातं अजून वाकडं आहे, बायको रोज दाखवते. ती क्लँपमध्ये धरूनच उघडायची असते.

खाडीपट्टा: जोर गेला म्हणजे बहुतेक वेळा दट्ट्याचं (हवा दाबणार्‍या पिस्टनचं) वॉशर गेलेलं असतं, स्प्रिंग नाही. जुन्यात चामड्याचं असतं, ते वाळून हवा सोडतं. आधी ते बदला, स्वस्त आहे. उगाच ताकद वाढवू नका, सुटणार्‍या छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या वर गेली की २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागतो. गंजाला बारीक स्टील वूल आणि तेल. पावसाळ्यात कापडी कव्हरात ठेवू नका, ओल धरतं. आणि छर्रा न घालता चाप ओढू नका, दट्ट्या मोकळा जाऊन आपटतो.

घाटावरचा: वॉशरचं मीही सांगणारच होतो. दुर्बीण लावणार असाल तर एअरगनचीच घ्या. स्प्रिंगचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, माझी पहिली साधी दुर्बीण महिन्यात खुळखुळली.

रत्नागिरी_पाखाडी: वॉशर बदलायलाही स्प्रिंग काढावीच लागते हो. पंखा आठवा.

देवगड_कातळ: सगळ्यांचे आभार. पंख्याचं ऐकून उघडलीच नाही. होडीचा हिरवा रंग उरला होता, तो मारला आणि ओटीवर टांगली. लांबून अगदी मिलिटरी दिसते. डबे मुलगा बेचकीने पाडतोय.

माजी_फौजी: नळीलाही रंग?

देवगड_कातळ: दोन हात.

घाटावरचा: विकणार का?