मदत हवी आहे: अमेरिकन कामगारांच्या लाल गाणीपुस्तकाच्या चाली

मंडळी, आयडब्ल्यूडब्ल्यू या अमेरिकन कामगार संघटनेचं खिशात मावणारं लाल गाणीपुस्तक १९०९ साली स्पोकेनमध्ये निघालं. त्याच्या १९२० पूर्वीच्या आवृत्त्यांचे नीट वाचता येतील असे स्कॅन कुणाकडे आहेत का?

अडचण चालींची आहे. नोटेशन नाही, गाण्याच्या डोक्यावर फक्त 'चाल अमुक', आपल्या जुन्या पदांच्या पुस्तकांत असते तशीच. या संघटनेचा गीतकार जो हिल, त्याच्या 'द प्रीचर अँड द स्लेव्ह'ची चाल चर्चमधल्या 'इन द स्वीट बाय अँड बाय'ची, ती सापडली. पण तेव्हाच्या इतर लोकप्रिय गाण्यांच्या चाली आज सहज कानावर पडत नाहीत. हिलला १९१५ साली युटामध्ये गोळ्या घालून मारलं. त्याची गाणी नुसती वाचून ठेवून द्यायची, हे मनाला पटत नाही. त्या काळची रेकॉर्डिंग्ज कुठे शोधू?